उसनी जीभ

कावळा नेमका कुणाच्या पितळीला शिवला, यावरून उंबरटाक फाट्यावर अकरा वर्षं युद्ध पेटलेलं होतं.

झालं होतं असं, की आईच्या वर्षश्राद्धाला हौसाबाई आणि शेवंताबाई या तिच्या जुळ्या लेकींनी आपापल्या हातचा तांबडा रस्सा करून आणला. आईच्या हातची चव कुणाच्या हातात उतरलीय, ते आईनंच येऊन सांगावं, असा बेत. पत्र्यावर दोन पितळ्या मांडल्या. कावळा आला, एका पितळीत चोच बुडवली, डोळे मिटून दोनदा मान हलवली आणि उडाला तो थेट राधानगरीच्या जंगलाकडं. पितळ्या सारख्या, रस्से सारखे आणि बहिणी इतक्या सारख्या की लग्नाच्या दिवशी भटजीही घोटाळले होते. कुणाची पितळी कुठं मांडली, हे ठाऊक असलेली एकटी म्हातारी मावशी. ती त्याच आठवड्यात आईच्या मागोमाग गेली. साक्षीदारच संपला.

तेव्हापासून हमरस्त्याच्या अलीकडं 'हौसाबाईची अस्सल मटण खानावळ' आणि पलीकडं 'शेवंताबाईची अस्सल मटण खानावळ'. दोन्ही पाट्यांखाली एकच ओळ: आमची कोठेही शाखा नाही. मधून चार पदरी रस्ता. आता त्यावरून बॅटरीचे ट्रक धावायचे. चार बिनड्रायव्हरच्या गाड्या आणि त्या राखायला एक माणूस. गाड्या चार्ज व्हायला पाऊण तास लागायचा आणि त्या पाऊण तासात माणूस जेवायचा. कुठल्या बाजूला जेवायचा, हा प्रश्न दोन्ही बहिणी दिवसभर एकमेकींकडं डोळे वटारून सोडवायच्या.

हौसाबाईचं हत्यार म्हणजे तिची जीभ. रोज सकाळी साडेनऊला ती रश्शाचा एक थेंब तळहातावर घ्यायची आणि जिभेच्या शेंड्याला लावायची. तेवढ्या थेंबातून मिरची ब्याडगी का संकेश्वरी, खोबरं किती वेळ भाजलं आणि भाजताना सून कुणाशी फोनवर भांडत होती, हे सगळं तिला कळायचं. सून स्वरूपा म्हणायची, "आत्या, तुमच्या जिभेला सीसीटीव्ही लावलाय काय?"

त्या जिभेवर डाव्या कडेला एक पांढरा चट्टा उठला. हौसाबाई चाळीस वर्षं दिवसातून चारदा मिश्री लावायची. तिला वाटलं, जळजळलं असेल. तीन महिन्यांत चट्ट्याचा पावट्याएवढा गड्डा झाला. मग स्वरूपानं तिला जवळजवळ उचलूनच कोल्हापूरला नेलं.

तिथल्या डॉक्टर तहसीन मुल्लाणी वयानं लहान, पण बोलायला एकदम सरळ.

"मावशी, कॅन्सर आहे. दोन रस्ते आहेत. पहिला, अर्धी जीभ कापायची."

"दुसरा सांगा," हौसाबाई म्हणाली. पहिला तिनं ऐकलाच नाही.

डॉक्टरांनी कागद घेतला आणि त्यावर बरण्या काढल्या. खानावळवाली समोर बसली, की तिला कसं समजवायचं हे त्यांना बरोबर माहीत होतं.

"तुमच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एकच कोठीघर आहे. यकृतात तेच, डोळ्यात तेच, जिभेत तेच. हजारो बरण्या. म्हणजे जनुकं. मग डोळ्याची पेशी डोळाच का होते, जीभ का होत नाही? कारण कुठल्या बरणीचं तोंड उघडं आणि कुठल्या बरणीवर फडक्याचा दादरा बांधलेला, हे जागोजाग वेगळं आहे. जनुकांचा धागा बारक्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्या सगळ्याला क्रोमॅटिन म्हणतात. आणि त्यावर दिवसरात्र काम करणारी एन्झाइमं असतात. काही दादरा बांधतात, काही सोडतात. पेशी कोण, हे बरण्यांवरून नाही, दादऱ्यांवरून ठरतं."

"आणि माझ्यात काय झालं?"

"मिश्रीनं दादरे बांधणारी एन्झाइमं बिथरली. 'आता पुरे, थांब' ही बरणी त्यांनी घट्ट बांधून टाकली. आणि आईच्या पोटात असताना जी लागते, 'वाढ, वाढ, वाढ' म्हणणारी, जन्मानंतर जी बंद राहायला हवी, ती सोडून दिली. ती पेशी आता जीभ आहे हेच विसरलीय. तिला मारण्यापेक्षा आम्ही तिला आठवण करून देतो. सगळे दादरे नऊ दिवस सैल करायचे, मग निरोगी जिभेचा नकाशा बघून जिथल्या तिथं परत बांधायचे. एन्झाइमांना तो नकाशा देऊन आम्ही जिभेत सोडतो."

"मग बांधा की. उजवी बाजू चांगली हाय माझी."

"दिसते चांगली. चाळीस वर्षांच्या मिश्रीनं तिथलेही दादरे हललेत. दुसऱ्या कुणाचा नकाशा चालणार नाही, कारण त्याच्या कोठीत बरण्याच वेगळ्या. फक्त..." डॉक्टरांनी फाईल चाळली. "तुम्हाला कुणी जुळं आहे का?"

हौसाबाईनं बरण्यांचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "अर्धी जीभ कापली, तर उरलेल्या अर्ध्या जिभेनं शिव्या देता येतील का?"

"अस्पष्ट येतील."

"मग विचारते तिला."

अकरा वर्षांत पहिल्यांदा हौसाबाईनं रस्ता ओलांडला. शेवंताबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"गिऱ्हाईक असशील तर आत बस. दुसरं काही असशील तर तिकडंच बरी होतीस."

"मला कॅन्सर झालाय."

तांदळातला हात थांबला, पण क्षणभरच. "कुठं?"

"जिभेला."

"व्हणारच. त्या जिभेनं आजवर काय काय बोललीयास, त्याचा हिशेब कुठंतरी लागायचाच."

हौसाबाईनं सगळं सांगितलं. बरण्या, दादरे, नकाशा. सुईच्या टोकाएवढा तुकडा जिभेवरून दोनदा काढणार, बाकी काही नाही. पण सुरुवात बारा दिवसांच्या आत व्हायला हवी. शेवंताबाईनं सूप खाली ठेवलं आणि कमरेवर हात घेतले.

"म्हंजे माझ्या जिभेची नक्कल करून तुझ्या तोंडात बसवणार."

"व्हय."

"आणि ती घेऊन तू समोर बसून माझ्याच वाईटावर बोलणार."

"ते आधीच्याच जिभेनं चाललंय. त्यात बदल न्हाई."

शेवंताबाई हसली नाही. "एक अट. पाटीवरचं 'अस्सल' पुसायचं. तुझ्या हातानं. आत्ता."

त्या दुपारी फाट्यावर ट्रकांचे सहा ताफे चार्ज होत होते आणि सहाही माणसं मोबाइल वर करून उभी होती. हौसाबाई स्टुलावर चढली. तारेच्या घासणीनं 'अ' खरवडला, मग 'स्स', मग 'ल'. खाली उतरली तेव्हा तिच्या हनुवटीवर लाल रंग उडाला होता आणि डोळ्यांतही काहीतरी होतं. ते तिनं पदरानं पुसलं आणि रस्त्यापलीकडं बघून ओरडली, "आता ये बोडके, काढ ती जीभ बाहेर!"

इस्पितळात दोघींच्या मधे हिरवा पडदा होता. पलीकडं डॉक्टर शेवंताबाईचा फॉर्म भरत होत्या आणि हौसाबाई अलीकडं कान देऊन पडली होती.

"तंबाखू? मिश्री?"

"न्हाई. तसली घाण ती पलीकडली लावते."

"गेल्या दहा वर्षांत मोठा ताप, विषाणूचा आजार?"

"नऊ वर्षांमागं एकदा झाला. पंधरा दिवस पडून होते."

"त्यानंतर चव, वास, यात काही फरक?"

पलीकडं खाटेचा पत्रा करकरला. पडद्याच्या कडेला उभी असलेली नर्स उंबरटाकचीच होती, पाटलांच्या वाड्याजवळ राहणारी, आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"माझ्या चवीत?" शेवंताबाईचा आवाज चढला. "डॉक्टरीणबाई, गारगोटीपासनं निपाणीपर्यंत विचारून या. थेंबात सांगते मी, थेंबात!"

अलीकडं हौसाबाईनं दात खाल्ले.

मग नऊ दिवस सुरू झाले. जिभेत सुया, जिभेवर गार जेल आणि खायला मीठ नसलेली पेज. डॉक्टरांनी बजावलं होतं, दादरे सैल असताना पेशी आजूबाजूचं सगळं ऐकतात. मिरची लागली, जळजळ झाली, की अंग तिथं 'भरून काढा, वाढा' असा हुकूम सोडतं, आणि तो हुकूम त्या उघड्या बरण्यांनी ऐकला, तर कॅन्सर परत.

पण हौसाबाईनं आयुष्यभर दही लावलं होतं. कोमट दुधात ज्याचं विरजण घालावं, त्याचंच दही होतं, हे तिला कुठल्या डॉक्टरीणबाईनं शिकवायची गरज नव्हती. जीभ आता कोमट आहे. विरजण शेवंतेचं घातलंय. लागेल ते शेवंतेचंच. मग त्यात चिमूटभर आपलं नको? उशीखाली तिनं घरच्या कांदा-लसूण चटणीची डबी लपवली होती. पाचव्या दिवशी बोटाच्या टोकावर दोन कण घेऊन तिनं जिभेला लावले. डोळ्यांतून पाणी आलं. दुखण्याचं का समाधानाचं, तिला ठरवता येईना.

सहाव्या दिवशी शेवंताबाई दुसऱ्या तुकड्यासाठी आली. आल्या आल्या तिनं नाक फुलवून हुंगलं, थेट उशीखाली हात घातला आणि डबी बाहेर काढली.

"हे काय?"

"माझं हाय. ठेव तिथं."

"मरायचं असलं तर सावकाश मर, कुणी घाई केली न्हाई. पण माझी जीभ तोंडात घेऊन मरायचं न्हाई!" शेवंताबाईनं डबी खिडकीतून फेकली. खाली कुणीतरी शिंकलं, मग दुसरं, मग सगळा बाह्यरुग्ण विभागच शिंकायला लागला. "मी ती दिलीय, जाळायला न्हाई दिली. परत चटणी दिसली तर डॉक्टरणीला सांगून हातपाय बांधायला लावीन."

"तू कोण सांगणारी?"

"त्या जिभेची मालकीण!"

एकविसाव्या दिवशी गड्डा गेला. डॉक्टर मुल्लाणींनी चारदा तपासणी केली आणि चौथ्यांदा खुर्चीत मागं टेकून मोकळं हसल्या. जिभेची पेशी जीभ झाली होती. वाढायची थांबली होती, झडायची तेव्हा झडत होती, शहाण्यासारखी वागत होती. हौसाबाई जगणार होती. तिनं डॉक्टरांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि त्याच संध्याकाळी घरी आली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला सगळी खानावळ पातेल्याभोवती जमली. हौसाबाईनं थेंब तळहातावर घेतला, शेंड्याला लावला आणि थांबली.

"आत्या?"

"मीठ घाल."

स्वरूपानं घातलं. पुन्हा थेंब. "अजून."

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. थेंब ओला लागत होता, गरम लागत होता, तिखटाची आचही लागत होती. पण मीठ नाही, आंबट नाही, भाजलेल्या खोबऱ्याचा गोडवा नाही. लाल रंगाचं गरम पाणी. त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक बसलं, पहिला घास घेतला आणि ताट तसंच टाकून रस्ता ओलांडून गेलं. दुसरंही. तिसऱ्यानं जाता जाता विचारलं, "मावशी, समुद्राचं पाणी टाकलंय काय?"

हौसाबाईला आपलं पाप आठवलं. ते दोन कण! डॉक्टरांकडं जाऊन तिनं, वयाच्या बासष्टाव्या वर्षी शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून, सगळं कबूल केलं. डॉक्टर आधी चिडल्या, मग पडद्यावर नकाशा लावला, आणि मग त्यांचा चेहरा विचित्र झाला.

"मावशी, चटणीचा काही संबंध नाही. हे बघा. जिभेवर चवीच्या पेशी असतात, दर दहा-बारा दिवसांनी नव्या तयार होतात. त्या तयार करणाऱ्या बरण्यांवर घट्ट दादरे आहेत. आम्ही मुद्दाम नाही बांधले. नकाशात होते तसेच बांधले गेलेत."

"म्हंजे?"

"आम्ही फक्त कॅन्सरच्या बरण्या तपासतो. चवीबद्दल देणाऱ्याला विचारतो." त्यांनी पडदा बंद केला. "मी याहून जास्त बोलू शकत नाही. परत दादरे सैल करायचे तर दोन वर्षं तरी थांबावं लागेल, नाहीतर जिवाला धोका."

हौसाबाई बसमधून फाट्यावर उतरली तेव्हा तिच्या डोक्यात पातेलं उकळत होतं. नऊ वर्षं! नऊ वर्षं समोरची बया थेंबात सांगत होती! दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती रस्ता ओलांडून, मागच्या दारानं, थेट शेवंताबाईच्या स्वयंपाकघरात घुसली.

पुढं रिकाम्या खानावळीत पहिल्या टेबलावर एकच माणूस जेवत होता: दौलू कंडक्टर, एसटीतून निवृत्त, डोकं तांब्याच्या घागरीसारखं लखलखीत, औषधालाही केस नाही. आणि त्याच्या मागं शेवंताबाई पळी घेऊन उभी होती. चष्मा लावून, वाकून, ती त्या टकलाकडं असं निरखत होती जसा सोनार हिरा निरखतो.

"हे काय चाललंय?"

शेवंताबाई दचकली. पळी खाली पडली. दौलूनं भाकरी मोडणं थांबवलं नाही.

"तुला चव लागत न्हाई," हौसाबाई म्हणाली.

"हळू बोल."

"नऊ वर्षं लागत न्हाई. आणि ती जीभ माझ्या तोंडात घातलीस!"

"तू मागायला आलीवतीस!" शेवंताबाई फणकारली. "जगायला मागितलीस का चवीला? ती पाटलांच्या शेजारची नर्स तिथं कान लावून उभी. खरं बोलले असते तर दिवस मावळायच्या आत माझं दुकान बंद झालं असतं. आणि डॉक्टरणीनं नकाशा नाकारला असता तर तू आज पत्र्यावर रस्सा मागत बसली असतीस. मग मी सकाळी उठून कुणाच्या नावानं खडे फोडायचे?"

हौसाबाईनं पातेल्यावरचं झाकण उचललं आणि रश्शाचा वास घेतला.

"मग रांधतीस कशी?"

शेवंताबाईनं पळी उचलली, पदराला पुसली आणि दौलूच्या डोक्याकडं बोट केलं. "कपाळाच्या वर घाम फुटला, तर मिरची जास्त. कानामागं फुटला, तर मसाला बरोबर भाजलाय. अगदी मधोमध, टाळूवर, मोहरीएवढा एकच थेंब उभा राहिला आणि पाणी न मागता माणूस भाकरी मोडत राहिला, की मीठ नेमकं. नऊ वर्षांत एकदा चूक न्हाई झाली. केसाळ माणसावर जमत न्हाई. मी लई करून बघितलं."

"वैनी, अजून थोडा रस्सा," दौलू म्हणाला. तो नऊ वर्षं फुकट जेवत होता आणि नऊ वर्षं त्यानं कधी विचारलं नव्हतं, का.

हौसाबाईनं त्या टकलाकडं बराच वेळ बघितलं. मधोमध एक थेंब हळूहळू मोठा होत होता. तिनं मान डोलावली, गुपचूप मागच्या दारानं गेली, आणि शेवंताबाईला वाटलं, चला, वाघीण एकदाची गप्प झाली.

चौथ्या दिवशी साडेनऊ वाजून गेले. शेवंताबाईचं पहिलं टेबल रिकामं. पावणेदहा झाले, पातेल्यात उकळी फुटून विरली, मीठ कुणी सांगेना. ती दारात आली. रस्त्याच्या पलीकडं हौसाबाईच्या पहिल्या टेबलावर सकाळच्या उन्हात काहीतरी चमकत होतं.

ट्रकांना हात करत, पळी तशीच हातात घेऊन, शेवंताबाई रस्ता ओलांडून आली.

"माझा माणूस चोरलास!"

"चोरला कुठं? बोलावला. तू नुसता रस्सा वाढतीस. मी मटणाची नळी वाढली." हौसाबाई दौलूच्या मागं चष्मा लावून उभी होती. "आणि आता तो हलायचा न्हाई. नळी संपेपर्यंत तरी."

"वैनी, भांडू नका, मी दोन्हीकडं येतो की," दौलू नळी ठोकत म्हणाला.

"गप!" दोघी म्हणाल्या.

"तुला वाचता तरी येतं काय ते?" शेवंताबाई पुढं झाली. "बघू. हं. मिरची जास्त झालीय."

"डोळे फुटलेत तुझे? कानामागं आलाय घाम. भाजणी बरोबर हाय."

"कानामागं नव्हे, तो मानेवरचा. मिरची जास्त. आणि मीठ कमी, टाळू कोरडी ठणठणीत हाय."

"कोरडी? हे काय हे? हे काय मग?"

टाळूच्या मधोमध एक बारीक थेंब उगवत होता. दोन्ही बहिणी, एकीकडून एक, दुसरीकडून एक, एकसारख्या कमरेत वाकल्या; एकसारखे चष्मे नाकावर ओढले. थेंब तिळाएवढा झाला. मोहरीएवढा होतो का न होतो, तोच दौलूला टकलावर गार वारा लागला. त्यानं नळी ताटात ठेवली, खिशातून रुमाल काढला आणि हात वर नेला.

"पुसशील तर बघ!" दोघी एकदम ओरडल्या, आणि दोन हातांनी त्याचं एकच मनगट धरलं.